आईच्या तसबिरीतले डोळे

सावंतवाडी
१२ ऑगस्ट १९७८

प्रिय देवराज, इंद्राणीमावशी आणि कुंती,

पत्र तिघांना, पण पाकिटावर नाव कुंतीचं, कारण तुमच्या घरात मराठी लिहिता-वाचता येतं ते एकट्या तिला. तेव्हा कुंती, मोठ्यानं वाच. देवराज मध्येच ‘बास, बास’ म्हणाला तरी थांबू नकोस. संध्याकाळच्या मराठी शाळेत पोरांना बाराखडी शिकवतेस, तो आवाज लाव.

मी सुखरूप पोचलो आणि पुन्हा हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर झालो. पोरं पुन्हा सूर्याला दात काढू लागली आहेत. दोन वर्षं मॉरिशसला शिकवून आलो म्हटल्यावर लोक घरी येऊन विचारतात, काय आणलंत? मी ऊसतोडीच्या बायकांची चित्रं दाखवतो. त्यांची तोंडं पडतात. त्यांना वाटलेलं, रेडिओ आणला असेल.

आता तसबिरीचं. मी तुमच्या घरून निघालो तेव्हा तुमच्या आई, भगवतीबाई, कापडाखाली होत्या. पितृपंधरवडा लागेपर्यंत त्यांना तशाच ठेवा. तेलरंग वरून सुकतो, आतून ओला राहतो, आणि प्लेन दे पपायची दमट हवा तुम्हाला माहीत आहे. हार घालाल तो खिळ्याला अडकवा, रंगाला टेकू देऊ नका. दाराच्या समोर टांगू नका, उजेडानं रंग उडतो.

देवराज, तू मला विचारलं होतंस की जिला तुम्ही पाहिलं नाही, जिचा एक फोटो नाही, जी साठ सालच्या वादळात नदीच्या पाण्यात गेली ती सापडलीच नाही, तिचं तोंड काढणार कसं? तेव्हा मी नुसता हसलो होतो. आता सांगतो. माणूस गेलं तरी त्याचा चेहरा घरातल्या घरात वाटला गेलेला असतो. तो गोळा करायचा. कपाळ तुझं, त्यासाठी तुला खोक्यावर बसवून छळलं. हनुवटी मावशीची, सख्खी बहीणच ती. डोळे मात्र मी शेवटच्या दिवशी काढले, एकटा बसून. आमच्याकडे गणपती करणारेसुद्धा डोळे शेवटी उघडतात.

कापड काढलंत की कशी वाटली ते कळवा. खोटी स्तुती केलीत तरी चालेल, मला सवय आहे.

तुमचा,
दिगंबर नेमळेकर


प्लेन दे पपाय
८ ऑक्टोबर १९७८

मास्तर,

तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. देवराज ‘बास’ म्हणाला नाही. उलट रेडिओचं ऐकून मावशी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

आईचं म्हाळ झालं. तुम्हाला ठाऊक आहे, बाबा असेतो त्यांनी ते कधी घालू दिलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, “आधी तिला दाखवा, मग पान वाढीन.” रोज तिची थाळी मांडून ठेवायचे, आणि रात्री कुत्र्याला घालायचे. ते गेल्यावर देवराजनं ठरवलं की आता आईला पितरांत बसवायचं, आणि त्यासाठी तसबीर हवी. म्हणून हे पहिलं म्हाळ. वडे केले, भोपळ्याची भाजी केली, केळीचं पान मांडलं, आणि देवराजनं कापड काढलं.

मास्तर, खोटी स्तुती नाही. देवराजनं “आलीस गो” म्हटलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला. शेजारचा तुलसीराम पाया पडला. मग मावशी जवळ गेली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, “कपाळ बरोबर. हनुवट माझी, म्हंजे तिचीच. पन माझे बायचे डोळे असे नव्हते. बारीक व्हते, घारे व्हते. हे डोळे कुंतीचे हायत.” मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुलसीरामची बायको कुजबुजली, “गेत सो लिझ्ये!” तिचे डोळे बघा, म्हणून.

मला वाटतं मावशीचं खरं आहे. माझे डोळे बाबांचे आहेत. हे सगळे म्हणतात, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

हार मी घालायचा होता, घरातली लेक म्हणून. मी खुर्चीवर चढले आणि तोंडासमोर तोंड आलं. आरशापुढे उभं राहून आरशाला हार घालावा तसं झालं. हात गार पडले. पण घातला. मग पानावर पाणी सोडलं आणि सगळ्यांनी जेवायला घेतलं. देवराज म्हणतो, उपाशी होतीस म्हणून तसं वाटलं. असेल.

कुंती


सावंतवाडी
३ डिसेंबर १९७८

कुंती,

मावशींना माझा दंडवत. अठरा वर्षांनंतर डोळ्यांचा रंग सांगणारी बाई माझ्या वर्गात असती तर मी नोकरी सोडून तिच्या हाताखाली शिकलो असतो.

लेकीचे डोळे आईवर जातात असं मी धरून चाललो, ते चुकलं. कबूल. पण त्यानं काय बिघडलं? तसबिरीतले डोळे कुणाचे ना कुणाचे असणारच, हवेतून तर आणता येत नाहीत. आणि तो रंग आहे कुंती, जवसाच्या तेलात कालवलेला. तो पानावरचा वडा खात नाही. तुझे हात गार पडले ते उपाशीपोटी. देवराज म्हणतो तेच खरं.

तू विचारशील, डोळे एकटा बसून का काढले? माझी ती पद्धत आहे. कपाळ, गाल, हात, सगळं मी माणूस समोर बसवून काढतो. डोळे नाही. समोर बसवलं की माणूस पाहुण्यासारखं बघायला लागतं. खेड्यातली माणसं तर जास्तच, गळ्याशी बटण लावून बसतात. म्हणून काम करताना, पाणी भरताना, भांडताना त्यांची नजर बघून ठेवायची आणि मग घरी येऊन काढायची.

इथे मी आता भातलावणीची मोठी चित्रं धरली आहेत. चिखलात वाकलेल्या बायका. मुंबईला प्रदर्शन भरवायचं चाललं आहे. तुमच्याकडे ऊसतोड संपत आली असेल ना? मळे रिकामे दिसत असतील. तू अजून डोक्याला तो निळा रुमाल बांधून शाळेत जातेस का? सहज विचारलं.

दिगंबर


प्लेन दे पपाय
१७ जून १९७९

मास्तर,

मधे लिहिलं नाही. लिहिण्याजोगं होतं ते पुरं व्हायची वाट बघत होते, ते पुरं झालंच नाही.

माएबूर्गचे चंद्रमोहन म्हणून एक आहेत. समुद्राजवळ त्यांचं दुकान आहे, सुतळी, गळ, साबण असलं सगळं. बायको वारली आहे. मराठी मंडळाच्या सभेत आमची ओळख झाली. ते भाषण करायला उभे राहिले आणि मराठी विसरले, क्रेओलमध्ये माफी मागून खाली बसले. लोक हसले. मी हसले नाही, म्हणून नंतर येऊन बोलले. मास्तर, मी बत्तीस वर्षांची आहे. मला हे लग्न हवं आहे. हे मी देवराजलाही असंच सांगितलं.

त्यांची आई राजलक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर बघायला आल्या. मी चहा घेऊन बाहेर आले. त्या बसल्या होत्या त्यांच्या समोरच्याच भिंतीवर आई होती, ताजा हार घातलेली, कारण देवराज आता रोज घालतो. बाईंनी कप घेतला, मला बघितलं, भिंत बघितली, पुन्हा मला बघितलं. कप तसाच खाली ठेवला. “ही कोण?” म्हणाल्या. देवराज कौतुकानं सांगत सुटला, आमच्या मास्तरांनी काढली, डोळे कुंतीचे घेतले. त्याला वाटलं, बाई खूश होतील.

त्या म्हणाल्या, “जित्या पोरीला तुमी पितरांत बसवलं. तिच्या डोळ्यांम्होरं पान वाढलं. ही आता तिकडली. माझे घरात एक सून मेलेली हाय, दुसरी मेलेली आनू?” आणि उठल्या. चंद्रमोहन दारातून दोनदा मागे वळले.

नंतर त्यांचा निरोप आला. त्यांना स्वतःला काही नाही, पण आईचं मन मोडवत नाही. डोळे बदलले तर ती येईल.

मी देवराजला म्हटलं, काढून ठेव. त्यानं ऐकलं नाही. “एकदा पाण्यात गेली, आता मी बाहेर काढू?” म्हणतो. त्याचंही खोटं नाही. संध्याकाळी मळ्यावरून आला की तो आधी तिच्याशी बोलतो, मग आमच्याशी. तिच्याकडे बघून बोलतो आणि मी स्वयंपाकघरातून वळून बघते, मला हाक मारली असं वाटून. मी भिंतीच्या त्या बाजूनं जात नाही आता. मागच्या दारानं जाते. तुम्ही हसाल. हसा. पण मला वाटतं की मी घरात नसते तेव्हा ती माझ्या डोळ्यांनी सगळं बघते, आणि मी घरात आले की मलाही.

देवराज एवढ्याला तयार झाला आहे की तुमच्याच हातची दुसरी तसबीर आली तर ही उतरवीन. दुसऱ्या कुणाची नाही. तुम्ही दुसरी काढून पाठवा, मावशी सांगते तशा घाऱ्या बारीक डोळ्यांची. येईल तेवढ्या लवकर. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

कुंती


सावंतवाडी
२९ ऑगस्ट १९७९

कुंती,

उत्तराला उशीर झाला. प्रदर्शन होतं, मग शाळेच्या परीक्षा, मग पाऊस. कारणं खूप आहेत, सगळी खरी आहेत.

तसबीर काढतो. काढायलाच हवी. मी हसलो नाही. राजलक्ष्मीबाईंचा मात्र थोडा राग आला. पण आमच्या गावातही कुणी वेगळं म्हटलं नसतं. आमच्या आजीनं तर जिवंत माणसाच्या फोटोला फुलसुद्धा वाहू दिलं नसतं. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. मी चित्र काढत होतो, ते टांगणार कुठे याचा विचार केला नाही.

प्रदर्शनाबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगतो. चांगलं झालं. एका गृहस्थांनी सगळी चित्रं हिंडून बघितली आणि म्हणाले, तुमच्या गावातल्या सगळ्या बायका सख्ख्या बहिणी आहेत का हो? मी म्हटलं, एकाच चिखलातल्या आहेत, एवढं खरं. लोक हसले. घरी येताना मला ते काही फारसं विनोदी वाटेना.

चंद्रमोहन माणूस कसा आहे, ते तू लिहिलं नाहीस. दुकान, सुतळी आणि साबण एवढंच कळलं. अर्थात ते मला कळायचं कारण नाही.

दिगंबर


प्लेन दे पपाय
२ जानेवारी १९८०

मास्तर,

नाताळच्या आधी वादळ झालं, वर्तमानपत्रात वाचलं असेल. आम्ही सगळे धड आहोत. स्वयंपाकघरावरचे पत्रे उडाले, आंब्याचं झाड तुलसीरामच्या अंगणात पडलं.

वारा फिरला तेव्हा पुढचं दार आत यायला लागलं. मी पाठ लावून दार धरलं आणि देवराजला हाका मारल्या. तो आला नाही. तो खुर्चीवर चढून आईला उतरवत होता. घोंगडीत गुंडाळलं, छातीशी धरलं, कपाटामागे नेऊन ठेवलं, मग आला. मी विचारलं, मी दिसले नाही का तुला? तर म्हणाला, “तू हायसच की. ती गेली तर परत कुठून आनू?”

तसबीर कुठवर आली? म्हाळ तर होऊन गेलं. पुन्हा तिच्यापुढे पान वाढलं, पुन्हा हार मीच घातला. या वेळी डोळे मिटून घातला. चंद्रमोहन अजून थांबले आहेत. किती थांबतील, मो पा कोने, मला माहीत नाही.

कुंती


सावंतवाडी
१० फेब्रुवारी १९८०

कुंती,

तसबीर झाली. हरिप्रसाद म्हणून तुमच्याकडचा एक मुलगा पुण्याला शिकतो, तो घरी निघाला आहे. त्याच्याबरोबर पाठवली आहे. कॅनव्हास गुंडाळलेला नाही, चौकटीसकट आहे, त्यामुळे त्या बिचाऱ्याला बसायला जागा उरणार नाही.

या वेळी मी माझी पद्धत मोडली. डोळे समोर बसवून काढले. नेमळ्याची पारू म्हणून एक बाई आमच्याकडे मासे घेऊन येते, तिचे डोळे बारीक आणि घारे आहेत, मावशींनी सांगितले तस्से. तिला पडवीत बसवली. ती सारखी म्हणायची, “मास्तरांनू, माझा मासा कुसतला!” म्हणजे कुजेल. तरी सोडली नाही. एक-एक रेघ तिच्याकडे बघून ओढली आहे. रंगसुद्धा उन्हात नेऊन ताडून बघितला.

तेव्हा आता निर्धास्त राहा. राजलक्ष्मीबाईंना बोलावून त्यांच्यासमोरच पार्सल उघडा. लग्नाची तारीख ठरली की कळव. मी येऊ शकणार नाही, पण कळव.

दिगंबर


प्लेन दे पपाय
६ एप्रिल १९८०

मास्तर,

हे पत्र मी कुणाला दाखवून लिहीत नाही. तुमचंही उत्तर आलं तर मी कुणाला वाचून दाखवणार नाही.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. राजलक्ष्मीबाई आल्या, चंद्रमोहन आले, मावशी खुर्ची ओढून पुढे बसली. देवराजनं सुतळी कापली, वर्तमानपत्र काढलं, मग पांढरं कापड. डोळे घारे होते. बारीकही होते. आणि माझे होते.

मावशी म्हणाली, “रंग बदललान. नजर कशी बदलंल?” देवराज घाबरून खाली बसला. म्हणाला, आईच कुंतीला सोडत नाही, तिला एकटीला तिकडे राहवत नाही, ती हिला न्यायला बघतेय. राजलक्ष्मीबाई या वेळी रागावल्या नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेल्या. त्याचीच मला जास्त भीती वाटली, मेलेल्या माणसाच्या घरून जातात तशा गेल्या.

मग सगळे गेल्यावर मी दोन्ही तसबिरी शेजारी ठेवल्या आणि दार लावून समोर बसले. मागच्या दारानं पळून पळून मी कंटाळले होते. म्हटलं, न्यायचं असेल तर ने. बराच वेळ बघितलं. आणि मला कळलं की आईनं असं कधीच बघितलं नसतं. ती नजर आईची लेकीकडे बघण्याची नाही. मी तशी एकदाच बघितली आहे. तुम्ही विहिरीच्या पंपाशी वही घेऊन बसला होतात, मी बादली उचलली, वर बघितलं, तर तुम्ही कागद सोडून माझ्याकडे बघत होता. मी पण बघितलं. मग बादली घेऊन घरात गेले. त्यानंतर तुम्ही दोन दिवस जेवताना मान वर केली नव्हती.

देवराजला खोक्यावर बसवलंत. मावशीला बसवलंत. मला कधी बसवलं नाहीत. आता मच्छीवाल्या बाईला बसवलंत, आणि तिच्याकडे बघूनही मलाच काढलंत.

आई मला धरून नाही, मास्तर. बिचारी कधीची गेली. तुम्ही धरलं आहे. दोन वर्षं एका छपराखाली राहिलात, माझ्या हातचं जेवलात, आणि एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर मी काहीतरी म्हटलं असतं, हो किंवा नाही, आणि विषय संपला असता. तुम्ही बोलला नाहीत आणि मला मेलेल्या बाईच्या तोंडावर लावून गेलात. मी जिवंत आहे. मला राग आला आहे, एवढा की लिहिताना दोनदा टाक कागदातून आरपार गेला.

मला सोडा.

कुंती


सावंतवाडी
१ मे १९८०

कुंती,

तुझं पत्र आल्यावर मी भातलावणीची सगळी चित्रं भिंतीला लावून उभी केली. प्रदर्शनातल्या त्या गृहस्थाला दिसलं ते मला दिसलं नव्हतं. म्हातारीला तुझे डोळे आहेत. कडेवरच्या पोरीला तुझे डोळे आहेत. एका चित्रात बैलाकडे पाहून मी बाहेर जाऊन बसलो. मला वाटत होतं, मी माझं गाव काढतो आहे.

पारूला मी खरंच समोर बसवली होती. त्यात खोटं काही नाही. हात कुणी धरला होता म्हणशील तर मला सांगता येणार नाही. मी भुताखेतावर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण गेले काही दिवस मी घरात त्या चित्रांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली आहेत, आणि तरी पाठीवर कुणीतरी बघतंय असं वाटतं.

तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. पंपाशी होतो तेही. मी भ्यालो. परका माणूस, पाहुणा म्हणून राहिलेला, तुमचं मीठ खाल्लेला, वयानं एवढा मोठा. देवराजला काय वाटेल, लोक काय म्हणतील. म्हणून शब्द गिळला, आणि गिळलेला हातातून बाहेर आला.

आता उशिरा विचारतो. तुझी इच्छा असेल तर मी येतो. नोकरी सोडून येतो, देवराजच्या पाया पडतो. आणि तुझी इच्छा नसेल तरी येतो, दोन्ही तसबिरींचे डोळे माझ्या हातानं पुसतो आणि परत जातो. तू सांगशील ते.

दिगंबर


प्लेन दे पपाय
२१ सप्टेंबर १९८०

मास्तर,

तुम्ही येऊ नका.

तुमचं पत्र मे महिन्यातच मिळालं. उत्तर मनात तयार होतं, पण आधी घरातलं निस्तरायचं होतं. दुसरी तसबीर बघितल्यापासून देवराजचा धीर सुटला होता. रोजचा हार बंद केला, पण उतरवायलाही भीत होता. दोन्हींच्या पुढून आम्ही सगळेच मान खाली घालून जायचो. शेवटी मावशी बोलली. म्हणाली, “तिला आग दिली नाय, राख सोडली नाय. वाट मोकळी केली नाय, म्हनून ती उभी हाय. पान कसलं वाढतोस? तिला आदी जाऊ दे.”

गणपती देवराज दरवर्षी स्वतःच मातीचा करतो, तुम्ही बघितला आहे. यंदाही केला. विसर्जनाला निघताना मावशीनं त्याला विचारलं, “देवाला पान्यात सोडताना तू रडत नाहीस. आपले मानसाला सोडताना काय?” तो मग आत गेला आणि दोन्ही तसबिरी घेऊन आला.

त्रू ओ बिशच्या समुद्रावर गेलो. चंद्रमोहन माएबूर्गहून आले होते, मीच निरोप पाठवला होता. आधी गणपती गेला. मग देवराज एक तसबीर घेऊन पाण्यात शिरला, दुसरी चंद्रमोहननी घेतली. कमरेएवढ्या पाण्यात सोडल्या, पण त्या बुडेनात. लाकडाची चौकट आणि तेलाचा रंग, पाणी आत जाईना. आभाळाकडे तोंड करून दोघी लाटेवर हलत राहिल्या आणि पुन्हा पुन्हा काठाकडे यायच्या. काठावरच्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. देवराज ओरडायला लागला, ती जात नाही, ती जात नाही.

मग मी लुगड्यासकट पाण्यात गेले. एकेकीच्या डोळ्यांवर हात ठेवला, मेलेल्या माणसाचे डोळे मिटवतात तसा, आणि दाबून धरला. पाणी थंड होतं. हाताखाली रंग बुळबुळीत लागत होता. चंद्रमोहननी चौकटीला काठावरचे दगड बांधले, ते त्यांना जमतं, जाळ्याला बांधायची सवय आहे. हात काढला तेव्हा त्या खाली गेल्या. राजलक्ष्मीबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवून ताटातला पहिला घास भरवला. लग्न नोव्हेंबरात आहे.

तुम्ही विचारलंत ते मी कुणाला वाचून दाखवलं नाही. पण विचारलं आहे तर उत्तर द्यायला हवं. डोळे काढले त्या दिवशी तुम्ही ब्रश धुऊन घरात आला होता, मी तुमच्यापुढे भात वाढत होते. तेव्हा विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. देवराजनं घर डोक्यावर घेतलं असतं, तरी हो म्हटलं असतं. आता नाही. माएबूर्गचा पत्ता मी कळवत नाही.

एक गोष्ट सांगते, ती रागानं नाही. आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा थाळी मांडायचे, देवराज रडायचा, मी काही करायचे नाही, कारण तिचा चेहरा माझ्यापाशी होता. मान वळवून हाक मारतानाचा. तो कुणाला सांगता यायचा नाही, पण होता. परवा समुद्रावरून परत आल्यावर ओले केस पुसत बसले आणि तिला आठवून बघितलं. तुम्ही काढलेली बाई आली. पुन्हा बघितलं, पुन्हा तीच. आईचे डोळे घारे होते, एवढं आता मला मावशी सांगते म्हणून माहीत आहे.

कुंती